दुकानातल्या तांदळाचा वानवळा

मंडळी, आज मार्गासनीहून परत येताना गाडीतच रडू आलं.

मी अर्थशास्त्र शिकवते. वेल्ह्यातल्या तांदळाच्या बाजारावरच्या संशोधनासाठी दरवर्षी मार्गासनीच्या शेतकरी सुभद्राकाकूंकडे जाते. निघताना त्या शेतातल्या नव्या तांदळाचा वानवळा देतात. यंदा त्यांची भातखाचरं विकली गेली. तिथे पुणेकरांच्या बंगल्यांची कुंपणं उभी आहेत.

तरी काकूंनी पिशवी पुढे केलीच. आत दुकानातला पॉलिशचा तांदूळ.

"काकू, विकतचा कशाला?"

"आता घरचं कुठं पिकतंय? पर तुमास्नी रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं, बाई?"

इतकी वर्षं आम्ही अभ्यासकांनी अहवाल लिहिले, बैठका घेतल्या. एकही खाचर वाचलं नाही. उद्या वर्गात पुन्हा शेतीधोरण शिकवायचंय.

तुम्हीच सांगा, हे तांदूळ मी कसे शिजवू?