गवंड्याची बायको, ठेकेदाराची बहीण

शमशादला भाऊ नव्हता. चार बहिणींत ती थोरली. दिवाळीत पौडातल्या त्यांच्या आळीत घरोघरी भाऊ यायचे, तेव्हा ती मुद्दाम काहीतरी काम काढून चुलीपाशी बसायची. हे तिचं दुखणं हैबतरावाला कुणी सांगितलं कोण जाणे. तिच्याच नवऱ्यानं, ताजुद्दीननं, बांधकामाच्या परांचीवर विडी ओढता ओढता सांगितलं असेल.

हैबतराव ठेकेदार. मुठा खोऱ्यात पुण्याच्या डॉक्टर-वकिलांचे सुट्टीचे बंगले तो बांधायचा आणि ताजुद्दीन त्याचा मुख्य गवंडी. एका भाऊबिजेला हैबतरावाची फटफटी दारात थांबली. हातात हिरवी साडी, पेढ्यांचा पुडा.

"ताई, आजपासून मी तुझा भाऊ. ओवाळतीस का परत जाऊ?"

शमशादनं शेजारणीकडून तबक मागून आणलं. ओवाळताना तिचे डोळे भरून आले. सासू, अमिना, पडवीतून बघत होती. फटफटी गेल्यावर म्हणाली, "गडी टिकवायचा आसंल तर पगार वाढवावा लागतो. ह्यानं साडीवर भागवलं."

"अम्मा, तुमाला चांगलं बघवतच न्हाई का?"

"बघवतंय की. साडी चांगलीच हाय."

त्या दिवसापासून हैबतराव ताजुद्दीनला 'दाजी' म्हणायला लागला. सगळ्या कामावर, बिगाऱ्यांदेखत. आता दाजी झालेल्या माणसानं मेव्हण्यापाशी पगारवाढ कशी मागायची? ताजुद्दीन आहे तोच पगार घेऊन घरी यायचा. शमशादनं कधी विषय काढला तर म्हणायचा, "तुझा भाऊ हाय, तूच माग." आणि तिलाही मागवत नसे. आळीत बायका विचारायच्या, "औंदा भावानं काय घातलं?" तेवढं सांगताना तिची मान ताठ व्हायची. ते सुख तिला पगाराहून मोठं वाटायचं.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग ताजुद्दीनच्या चुलतभावाचं, अलाउद्दीनचं, मस्कतहून बोलावणं आलं. तिथं गवंड्यांना मोठी मागणी होती. ताजुद्दीनसाठी त्यानं जागा धरून ठेवली होती. ताजुद्दीन कधी नव्हे तो मोठ्यानं हसला, घरात फिरत म्हणाला, "दोन वर्सं जातो. ही पडवी पाडून पक्कं घर बांधतो. आजवर लोकांचीच बांधली."

दुसऱ्याच दिवशी हैबतराव आला. भाऊबीज नव्हती, सण नव्हता. ताजुद्दीन कामावर असतानाच आला आणि थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला.

"ताई, दाजी गेले तर माझं तीन बंगल्यांचं काम बसलं. त्यांना मी अडवणार न्हाई. तू मला भाऊ मानतीस म्हणून तुझ्यापाशी रडतोय."

"मी काय करू, दादा?"

"एक शब्द टाक. आन् परमुलखात दाजींचं काय बरंवाईट झालं तर बघणार कोण? हितं मी बसलोय की. जल्मभर."

अमिनानं आतून भांडं आपटलं. शमशादनं चहा टाकला.

रात्री 'जाऊ नका' म्हणत ती नवऱ्यापाशी रडली. आपल्यासाठी कुणी उंबऱ्यावर येऊन बसलं, याचंच तिला इतकं अप्रूप होतं की ताजुद्दीनचा पडलेला चेहरा तिला दिसलाच नाही. त्याच्या जागी आळीतला इब्राहिम मस्कतला गेला. मस्कतच्या पैशातून त्याच्या घरावर पक्का स्लॅब पडला, तेव्हा त्याच्या बायकोनं शमशादला शिरा पाठवला. तिनं तो शेळीला घातला.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला परांचीची बल्ली सटकली आणि ताजुद्दीन खाली आला. हैबतरावानं त्याला स्वतःच्या जीपमधून पुण्याला दवाखान्यात नेलं. आळीनं त्याचं नाव काढलं. पण उजवं कोपर काही सरळ झालं नाही. थापी खांद्याच्या वर जाईना.

"दाजींनी आता आराम करायचा," हैबतराव म्हणाला. "नव्या भिंतींवर पाणी मारायचं, बास."

पाणी मारणं म्हणजे बिगाऱ्याचं काम आणि मजुरीही बिगाऱ्याची. शमशाद स्वतः मुठा खोऱ्यातल्या कामावर गेली. हैबतराव बंगल्याच्या मालकाबरोबर नकाशा बघत होता. तिच्याकडे वळून म्हणाला, "बाई, मजुरीचं मुकादमाला विचारा."

ती एस. टी. पकडून परत आली. त्या दिवाळीत फटफटी आळीत शिरली नाही.

ताजुद्दीनला तेवढंही काम राहिलं ते बिरूमुळं. नांदे गावचा हा धनगर ताजुद्दीनच्याच हाताखाली शिकलेला. आता तो मुख्य गवंडी झाला होता. त्यानं हैबतरावाला बजावलं होतं, "उस्ताद असतील तितंच मी."

त्याच दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बिरूची बायको, तानूबाई, घरी आली. तोंडावर हसू मावत नव्हतं.

"भाभी, हैबतरावांनी मला भैन मानलीया. माझ्या माहेरचं कुणी ढुंकून बघत न्हाई. अन् हे एवढं मोठं मानूस दारात येनार!"

शमशादनं तिला बसायला पाट दिला.

"खरं एक वांदा झालाय. ह्यास्नी पिंपरीकडं मोठ्या कंपनीच्या बांधकामावर बोलावलंय. कायमची नोकरी, ऱ्हायला खोली. अन् काल दादा येऊन रडले. म्हनले, ताई, एक शब्द टाक." तिनं शमशादचा हात धरला. "तुमी मला मोठ्या भैनीसारख्या. काय करू, सांगा."

अमिना पडवीतून सुनेकडे बघत राहिली. आज ती भांडं आपटणार नव्हती, टोमणाही मारणार नव्हती. अंगणात ताजुद्दीन डाव्या हातानं विडी पेटवायला धडपडत होता. बिरू गेला की दुसऱ्या दिवशी मुकादम त्याला घरी बसायला सांगणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"परमुलूखच तो," शमशाद म्हणाली. "तितं तुमचं कोन हाय? हितं भाऊ हाय. त्याचा शबूद मोडू नको."

"मला बी तसंच वाटत व्हतं," तानूबाई म्हणाली आणि हलकी होऊन उठली.

ती गेल्यावर ताजुद्दीन आत आला. पानावर बसला. बराच वेळ भाकरीला हात लावेना.

"तिला खरं सांगायचं व्हतंस."

"मग उद्या तुमाला कामावर कोण नेणार?"

त्यानं कालवण वाढण्यासाठी ताट पुढं सरकवलं.