अण्णांच्या मानेवरची उशी

“मान माझी हाय, आन् मानेवरची गाठबी माझीच हाय! हात लावायचा न्हाय कुनी!”

कामोठ्यातल्या एका दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरच्या दारात, मागून नाड्या बांधायचा हिरवा झगा घालून माझे वडील ओरडत होते. अण्णांचा आवाज तीस वर्षं एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहता वाहता, ट्रकच्या हॉर्नशी झुंजून घडलेला. त्या दिवशी खाडीवरचे सगळे फ्लेमिंगो उडाले ते थेट गुजरातेत उतरले. मी पाहिलं नाही, पण उडाले असणारच. पायाला प्लॅस्टर घातलेले एक गृहस्थ मात्र स्ट्रेचरवरून उठून चालू लागले, ते मी स्वतः पाहिलं.

ही गाठ मानेच्या मुळाशी होती, जिथे गोणी टेकते तिथेच. अण्णांच्या हमालांच्या टोळीत तिला ‘उशी’ म्हणत. नवख्याला उशी नसते. जितकी उशी मोठी तितका माणूस जुना. चहाचा पहिला कप कोणाला, सावलीतली जागा कोणाची, हे उशी बघून ठरायचं. अण्णांची उशी अख्ख्या मार्केटात पहिली. लहानपणी मी तिच्यावर गाल टेकवून झोपायची. दहावीचा भूमितीचा अभ्यास मी तिच्यावर वही ठेवून केला, असंही मी मैत्रिणींना सांगायची. यातलं निम्मं खरं आहे.

पण गेल्या काही महिन्यांत ती वाढायला लागली होती. आईचीही गाठ अशीच वाढली होती. तिने ती पदराआड दोन वर्षं लपवली आणि सांगितलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरात गाठ हा शब्दच बंद झाला. सुईतल्या दोऱ्याला गाठ पडली तरी आम्ही ‘गुंता झाला’ म्हणायचो. त्यामुळे अण्णा दारात का ओरडतायत, हे मला कळत होतं. उशीचा मान वगैरे सगळं खरं, पण ती कापली की आत काय निघेल याचीच त्यांना धास्ती होती.

मी झग्याच्या सुटलेल्या नाड्या बांधता बांधता म्हटलं, “अण्णा, आईला काय होतंय ते मी कधी विचारलं नाही. तुम्हाला विचारतेय.”

ते वळले आणि आत गेले.

भूल तेवढ्या जागेपुरतीच होती, त्यामुळे तासाभरात ते मानेला पट्टी बांधून बाहेर आले. काढलेली गाठ डॉक्टरांनी औषधी पाण्याच्या बरणीत घालून अण्णांच्या हातात दिली आणि तपासायला वाशीच्या लॅबमध्ये पोचवा म्हणाले. मी गोळ्या घ्यायला काउंटरवर गेले, तेवढ्यात अण्णा बरणीसकट गायब. फोन उचलेनात. पण मी त्यांची मुलगी. रिक्षा केली आणि सरळ मार्केट गाठलं.

टोळीतले बाराही जण वजनकाट्याभोवती उभे होते आणि काट्यावर बरणी. त्यांनी तेवढ्याच पाण्याची तशीच दुसरी बरणी शोधून, ते वजन वजा करूनसुद्धा पाहिलं होतं. उशी भरली एकशे दहा ग्रॅम. कोणी दीड किलो धरली होती, कोणी दोन. अशी शांतता त्या मार्केटात टाळेबंदीतही नव्हती. शेवटी टोळीतले सर्वांत वयस्कर काका अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पान्यात आकसली आसंल.” मग त्या बाराही जणांनी ती बरणी लॅबपर्यंत पोचवली. देवाच्या पालखीलासुद्धा इतकं जपून नेत नाहीत.

रिपोर्ट आठ दिवसांनी मिळणार होता. मी शाळेत नववीला विज्ञान शिकवते. अण्णा घरी बसून माझं पुस्तक चाळू लागले आणि ‘प्राण्यांच्या ऊती’ या पानावर अडकले. मी समजावलं: एकाच कामाला जुंपलेल्या पेशींचा गट म्हणजे ऊती. वरून झाकते ती अभिस्तर ऊती, सगळं बांधून ठेवते ती संयोजी, हलवते ती स्नायू ऊती आणि निरोप पोचवते ती चेता ऊती.

“म्हंजे गोनपाट, सुतळी, टोळी आन् मुकादम,” अण्णा म्हणाले. इतकं सोपं मला दहा वर्षांत कधी शिकवता आलेलं नाही. पुढच्या तासाला मी ते जसंच्या तसं वर्गात सांगितलं आणि स्वतःच्या नावावर खपवलं.

मग पेशी कशी विभागते ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आतल्या गुणसूत्रांची आधी हुबेहूब जोडी तयार होते. त्या जोड्या मधोमध रांगेत उभ्या राहतात आणि सुटून दोन टोकांना खेचल्या जातात. मग पेशीला मधे कंबर पडते आणि एकीच्या दोन होतात. दोघींना सगळं सारखं. आमच्या भावकीतली वाटणी याहून वाईट होती, एवढंच ते बोलले. तुमच्या पट्टीखाली आत्ता हेच चाललंय, मी म्हटलं. कडेच्या पेशी वाढत वाढत मधे येतील, एकमेकींना भिडल्या की थांबतील.

अण्णांनी पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवलं.

“तुज्या आईच्या थांबल्या न्हाईत.”

“नाही.”

“त्यांना थांब म्हनायला कोन असतंय का आत?”

असतं, मी म्हटलं. पेशीच्या आतच असतं. कधीकधी तेच बिघडतं आणि मग बाहेरून कोणी कितीही ओरडलं तरी पेशीला ऐकू जात नाही. अण्णांनी पुस्तक मिटलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या तळव्यावर एवढे घट्टे आहेत की केसांतून खराटा फिरल्यासारखं वाटतं. मी हलले नाही.

शुक्रवारी रिपोर्ट आणला. जिन्यातच पाकीट फाडलं, तिथेच तीनदा वाचला आणि दारातून आत शिरता शिरता सांगितलं: मेद ऊती, म्हणजे साधी चरबी. वाईट काही नाही. पेशी जिथे थांबायला हव्या तिथे थांबल्यात. एवढं सांगून मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले. माझ्या रडण्याने खालच्या मजल्याचं छत गळायला लागलं, असं सोसायटीत अजून बोलतात.

अण्णांनी रिपोर्ट हातात घेतला, उलटसुलट पाहिला, घडी घालून खिशात ठेवला.

“सोमवारी टाके काढायला बोलावलंय,” ते म्हणाले. “शाळेत रजा टाक.”