भिंगरीचा उजवा हात

माकडवाला आपल्या दीड वर्षाच्या पोरीचा हात फडक्यानं बांधून ठेवतो आणि तिच्यासमोर बसून खुशाल केळी खातो, अशी कुजबूज तिसऱ्या मजल्यावरून निघाली आणि चहा निवायच्या आत तळमजल्यावर पोचली. पोचेपर्यंत फडक्याची दोरी झाली होती. दोरीचा साखळदंड व्हायला पाण्याच्या टाकीपर्यंतचा रस्ता पुरला. बापाला डावखुरी पोर खपत नाही, असं कारणही कुणीतरी फुकटात जोडून दिलं.

गंमत अशी की डावखुरेपणाचं सगळ्यात जास्त कौतुक त्यालाच. प्राणिसंग्रहालयात माकडांच्या पिंजऱ्यांवर तो बारा वर्षं होता. खाणं टाकलं की कोणतं माकड कोणत्या हातानं उचलतं, त्याच्या खुणा कार्डावर करायच्या, हे त्याचं रोजचं काम. लोकांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही; ह्याला छत्तीस माकडांचे हात तोंडपाठ. पोर एका जागी ठरत नाही म्हणून आजीनं तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली होती. ही भिंगरी दहा महिन्यांची झाली आणि दिसेल ते डाव्या हातानंच ओढायला लागली, तेव्हा गडी हरखून गेला.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आत्ताच वळण लावा. पुढं जड जाईल."

"माझ्याकडची थोरली माकडीण डावखुरीच आहे, सासूबाई. शहाण्यात शहाणी."

"मग तिच्याकडंच पाठवा पोरीला शिकवणीला!"

त्यानं माकडांचं एक कोरं कार्ड आणून स्वयंपाकघराच्या दारामागं चिकटवलं आणि लेकीच्या नावानं खुणा करू लागला. सहा महिन्यांत डावा रकाना भरला. उजवा कोरा करकरीत. केवढी ठाम पोर, असं त्याला वाटलं.

ह्याच सहा महिन्यांत थोरल्या माकडिणीला पिलूही झालं. थोडं मोठं झाल्यावर ते कधी ह्या हातानं आईचा कान ओढी, कधी त्या हातानं शेपूट. माकडवाल्यानं त्याचं कार्ड काढलं. वर स्वतःच्याच अक्षरात, जनावरांच्या डॉक्टरांनी एकदा सांगितलेली ओळ होती: 'पिलांचा हात नोंदवू नये. अजून ठरलेला नसतो.' बारा वर्षं तो ही ओळ प्रत्येक पिलाच्या कार्डावर लिहीत आला होता. वाचली त्या दिवशी.

खाण्याची बादली तिथंच टाकून तो भर दुपारी घरी आला. बायको कपडे वाळत घालत होती.

"काय हो? कामावरून काढलं की काय?"

भिंगरीच्या उजव्या बाजूला त्यानं केळ्याचा तुकडा धरला. पोर कमरेतून सगळीच्या सगळी वळली आणि डावा हात पुढं केला. त्यानं तो हलकेच धरून ठेवला. उजवी मूठ मिटलेलीच, अंगठा आत. पोरीनं तोंड पुढं करून पाहिलं, आणि मग भोकाड पसरलं. बायकोच्या हातातला पिळा खाली पडला.

डॉक्टरीणबाईंनी ती मूठ उघडून पाहिली, सोडली, पुन्हा पाहिली. "एवढ्याशा मुलाला डावं-उजवं नसतंच हो. एकच हात चालत असेल तर दुसऱ्याचं काहीतरी बिघडलेलं असतं. कधीपासून आहे हे?"

"सहा महिने झाले," तो म्हणाला. आणि मग, न विचारताच, "माझ्याकडं लिहून ठेवलंय सगळं."

"फार लवकर यायला हवं होतं. आता रोज दोन तास चांगल्या हाताला मोजा घाला, मनगटाशी पट्टी बांधा. दुबळ्या हाताला काम पडू द्या. उशीर करू नका."

"हात उघडेल ना?"

"सांगता येत नाही."

मग सुरू झाले ते दोन तास. तो पोरीच्या उजव्या हातात तुकडा ठेवी. तुकडा फरशीवर पडे. तो उचलून स्वतः खाई, कारण टाकवत नसे. पोर मोज्याला चावे, ऊर फुटेस्तोवर रडे. बायको सज्जात जाऊन कान झाकून उभी राही. महिना गेला. मूठ जिथल्या तिथं.

एका दुपारी शेजारीण दारातच उभी राहिली. "माकडांत राहून माणुसकी विसरलात का हो? देवानं दिलेला हात आहे तो!"

तो सांगायला तोंड उघडणार, तोच बायकोनं पाठीमागून त्याचा सदरा ओढला. शेजारीण पाय आपटत गेल्यावर ती म्हणाली, "आज सांगाल, उद्या अख्खी इमारत तिला लुळी म्हणून हाक मारेल. तुम्हाला दुष्ट म्हणू दे. तुम्ही मोठे आहात."

"आणि उघडलीच नाही मूठ, तर?"

तिनं पोरीचा मोजा सारखा केला आणि मनगटाशी पट्टी पुन्हा आवळली.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी त्याचं अवसान गळालं. पोर रडून काळीनिळी झालेली. हे थांबवावं, म्हणून तो पट्टी सोडायला खाली वाकला, आणि संतापलेल्या भिंगरीनं त्याची मिशी धरली. उजव्या हातानं. केळ्यासाठी न उघडलेली मूठ बापाचा सूड घ्यायला उघडली होती. दोन-चार केस हातात आले, तेव्हा तो कळवळून ओरडला, "अगं ए, बघ, बघ!" आणि बायको धावत आली तोवर मूठ पुन्हा मिटली होती.

पट्टी त्यानं त्या दिवशी सोडली नाही, आणि पुढं आणखी दीड वर्ष बांधली. हात पूर्ण कधीच सुधारला नाही. भिंगरी आता शाळेत जाते, डाव्या हातानं लिहिते आणि उजव्या हाताच्या मुठीनं वही दाबून धरते.

खरं ते एवढंच. पोरीचा उजवा हात जन्मापासून दुबळा होता. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून बाप रोज दोन तास तिचा चांगला हात बांधत होता, आणि तिच्या हातून पडलेली केळी खात होता.