भावजींचं नाक

आमचे भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, आणि सगळा तोरा त्या नाकाचाच! गॅसच्या कामात सगळे त्यांना ‘नाकाडे मास्तर’ म्हणायचे. रस्ता न खोदता गळती कुठे आहे ते सांगायचे म्हणे. घरात मात्र त्या नाकाचा जाच मला. दाराबाहेर चपला काढता काढताच सुरू, “वहिनी, दूध लागलं वाटतं!” दूध लागलेलं असायचंच, म्हणून तर जास्त चीड यायची.

पुढे हॉस्पिटलनं तळघरात गॅसवर वीज तयार करणारं यंत्र बसवलं आणि भावजी तिथे लागले. वरच्या धुलाईखान्यात मी. त्या यंत्राच्या उष्णतेवर माझं पाणी तापायचं. गळती कळावी म्हणून गॅसला जो घाण वास देतात, त्यात गंधक असतं, आणि गंधक या यंत्राला विष. म्हणून गॅस आधी काळ्या दाण्यांच्या टाकीतून जातो. दाणे गंधक धरून ठेवतात, वासही जातो. टाकीतून गॅस बाहेर पडतो तिथे एक छोटा नळ होता. तो रोज जरासा उघडून हुंगायचं. वास आला की समजायचं, दाणे संपले, बदला. हॉस्पिटलचे साहेब म्हणाले, गंधक मोजायचं उपकरण आणू. तर भावजी म्हणतात, “हे नाक असताना?”

मध्ये एकदा भावजी तापानं आडवे झाले. उठल्यापासून माझ्या दुधाला नावं ठेवीनात. मला वाटलं, चला, माणूस सुधारला.

कसला सुधारतोय! माझं पाणी कोमट यायला लागलं. चादरींवरचे डाग निघेनात, वॉर्डातून बोंबाबोंब. आणि भावजी साहेबांना सांगून मोकळे, “यंत्र ठणठणीत आहे. वहिनीच पाणी उधळतात.” सख्ख्या भावाच्या बायकोबद्दल! साहेबांनी मला बजावलं, आणखी एक तक्रार आली तर दुसरी बाई ठेवीन. नवरा गेल्यापासून घर त्याच धुलाईवर चाललंय, हे भावजींना ठाऊक नव्हतं का?

माझं डोकंच फिरलं. साहेबांना जवळजवळ ओढतच तळघरात नेलं. “आमच्यासमोर तपासा,” म्हटलं.

भावजी हसले. ऐटीत नळ उघडला, वाकून लांब श्वास घेतला. “घ्या. वासाचं नाव नाही.”

अगं बाई! सडक्या अंड्यांची पाटी अंगावर ओतावी तसा भपकारा आला. साहेब रुमाल धरून मागे सरले. मी बाहीनं नाक दाबलं. नळ तसाच उघडा, आणि भावजी आमच्याकडे बघून मजेत हसतायत.

मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी माझी बाही पाहिली, साहेबांचा रुमाल पाहिला. सावकाश खिशात हात घातला, स्वतःचा रुमाल काढला आणि नाकाला लावला.

“हं,” म्हणाले, “येतोय खरा थोडा.”

नळ मीच बंद केला.

माझी नोकरी राहिली, त्यांची गेली. या माणसाची एकदा चांगली जिरावी म्हणून मी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. आणि जिरली, तर मेल्यानं तो रुमाल काढून माझं हसणंसुद्धा हिसकावून घेतलं. ते मी त्यांना कधीच माफ करणार नाही.