पंगतीतला आडवा हात

पंगतीत पोट भरलं की माणूस पानावर हात आडवा धरतो आणि वाढपी मुकाट्याने पुढे सरकतो. लग्नघरातली ही साधी खूण मला फार देखणी वाटत आली आहे. काल मात्र ती पाहून माझं डोकं फिरलं.

भाचीच्या लग्नात मी आमटी वाढत होतो. तिचा धाकटा भाऊ सुहास सीमेवरून सुट्टीवर आलेला. भिंतीला पाठ लावून जेवत होता. मागे कुणाच्या तरी हातून परात पडली आणि सुहास डोक्यावर दोन्ही हात घेऊन पानावरच उपडा झाला. उठला तेव्हा कपाळाला भात होता.

शेजारी नवरदेवाचे काका बसले होते. सकाळपासून मांडवात ज्याला त्याला ऐकवत होते, “एकदा युद्ध होऊनच जाऊ दे!” ते हसले. “काय रे फौजी, परातीला घाबरलास?”

सुहास हात धुवायला गेला.

या पोरांच्या पानात आपण काय काय वाढतो! कालपर्यंत शेजारी झोपणाऱ्या दोस्ताचं प्रेतसुद्धा. पुरे म्हणून हात आडवा धरायची त्यांना मुभा नसते. आग्रह करणारे मात्र इथे ढेकर देत बसलेले.

मी काकांपुढे वाकलो. त्यांनी पानावर हात धरला. “बस, आता पुरे.”

“असं कसं? एकदा होऊनच जाऊ दे,” म्हणालो, आणि कढत आमटीचं ओगराळं त्या हातावरच रितं केलं.