कंबर बघून रस्ता

माझी ताई बास्केटबॉलची पगारी खेळाडू होती. गुडघे गेले तेव्हा खेळ सुटला आणि मला वाटलं, संपलं. आता कपाटातली पदकं पुसायची, एवढंच उरलं.

परवा बिबवेवाडीच्या चौकात आम्ही दोघी रस्ता ओलांडत होतो. सिग्नल बंद होता. चालू असता तरी कुणी पाहिला नसता म्हणा. एक स्कूटर उजवा इंडिकेटर देत आली. मी बिनधास्त डाव्या बाजूने निघाले, तर ताईने मनगट धरून मला जागीच थांबवलं. स्कूटर डावीकडे वळून माझ्या पुढ्यातून गेली.

"तुला कसं कळलं?"

"कंबर बघायची. डोळे, हात, खांदे, सगळं फसवतं. कंबर वळेल तिकडेच माणूस जातो. कोर्टवर आयुष्यभर तेच तर बघितलं."

मग त्याच दुखऱ्या गुडघ्यांनी तिने मला त्या गर्दीतून पार नेलं. कुणाचा धक्कासुद्धा लागला नाही. मैदानात तिला कितीदा पाहिलं होतं, पण अशी थक्क कधी झाले नव्हते.

तिच्या दाराशी मी म्हणाले, "निघते गं, घरी कामं पडलीत."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, कंबरेकडे पाहिलं. आत जाऊन दोघींचा चहा ठेवला.