लालासाहेबांच्या मोटारखोलीचा कोबा

ज्ञानू कोबा घालायचा. चुना आणि विटांचे तुकडे पसरायचे, ते लाकडी थापीनं बडवून बडवून दगडासारखी जमीन करायची, हे त्याचं काम. मी त्याच्याबरोबर चुना मळायचो. त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. त्याच्यासारखा डूख धरणाराही नाही.

डूख होता लालासाहेबांवर. पलटणीतून परतलेले; कडेगावच्या बाजूला त्यांचा ऊस होता. अडतीस साली ज्ञानूनं त्यांच्या गुळाच्या कोठीत कोबा घातला. एकवीस दिवस वर काही ठेवू नका, असं बजावून आला. नवव्या दिवशी लालासाहेबांनी ढेपी रचल्या. जमीन दबली. त्यांनी बाजारात चारचौघांपुढं सांगितलं, "ज्ञानूचं काम पोकळ."

आठ वर्षं त्याला कुणी कोबा सांगितला नाही. त्यानं, त्याच्या बायकोनं दगडाबाईनं आणि मी रस्त्यावर खडी फोडली.

सेहेचाळीस साली लालासाहेबांनी पुण्याहून लष्करातली जुनी जीप आणली. घराशेजारी तिच्यासाठी खोली बांधली. खाली नुसता मुरूम. जॅक लावला की रुतायचा, तेल सांडलं की चिखल. सिमेंटला परमिट मिळेना. विटा गावचा दुसरा कोब्याचा कारागीर म्हातारपणानं घरी बसलेला. नाइलाजानं त्यांनी ज्ञानूला बोलावलं.

"शहाबादी फरशी बसवावी का रं?"

शहाबादी चालली असती. खाली भरणी नीट केली तर जीप काय, ट्रकही उभा राहतो. चार दिवसांचं काम. हे ज्ञानूला माहीत होतं.

"तडकंल ती, मालक," तो म्हणाला. "कोबाच घाला. पर थापीला धा माणसं तुमची."

"माणसं लय हायती."

माणसं होती. पण ज्ञानूनं दिवस धरला पौषातला. तेव्हा लालासाहेबांचं गुऱ्हाळ पेटलेलं, ऊस तोडून पडलेला. गडी हलवले तर ऊस वाळणार. हे लालासाहेबांच्या ध्यानात आलं नाही. कोबा म्हणजे बायकांनी सारवल्यासारखं काहीतरी, अशी त्यांची समजूत.

सकाळी चुना पसरून झाला. थापीला आम्ही तिघंच.

"आवं मालक, धा माणसं कुटं हायती?" दगडाबाईनं विचारलं.

"गुऱ्हाळावर."

"मग तुमीच बसा. सात दिस बडवाय लागतंय, न्हाईतर चुना गेला वाया."

ते बसले. फेटा उतरवला, धोतर खोचलं. दुपारपर्यंत हाताला फोड आले. थापी आवळून धरली की येतात. सैल धरा, असं ज्ञानूनं सांगितलं नाही. फोड फुटले, त्यात चुना गेला. ज्ञानू मागून यायचा, जमिनीवर बोटं वाजवायचा.

"हितं पोकळ हाय. परत."

गुऱ्हाळाकडं जाणारी माणसं दारात थांबू लागली. लालासाहेबांच्या भावकीतला मानसिंग रोज यायचा.

"काय लालासाब, पलटणीत हीच कवायत व्हती का?"

"जा की रं तू गप."

"बगू द्या की. फुकटचा तमाशा हाय."

खरं सांगतो, ज्ञानूनं पोकळ म्हटलेल्या जागांपैकी दोन भरीव होत्या. मला ऐकू येत होतं. मी बोललो नाही. आठ वर्षं खडी मीही फोडली होती.

पाचव्या दिवशी लालासाहेबांच्या हातून थापी सुटली. खाली बघत, हळू आवाजात ते म्हणाले, "ज्ञानू, कोठीचा कोबा चांगला व्हता. ढेपी मीच लवकर ठेवल्या."

"मला ठावं हाय," ज्ञानू म्हणाला. "दारात माणसं हायती. त्यास्नी सांगा."

लालासाहेबांनी हात धोतराला पुसले. मग उठले. गुडघे सरळ होईनात. भिंतीला धरत दारापर्यंत गेले आणि सांगितलं. मागच्यांना ऐकू आलं नाही, म्हणून मानसिंगानं पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. कुणी हसलं नाही.

लालासाहेब खुंटीवरचा फेटा काढायला वळले.

"ऱ्हाऊ द्या त्यो," ज्ञानू म्हणाला. "भिंतीकडची बाजू ऱ्हायलीया. दीड दिवसाचं काम हाय. बसा."